फडाची वाटणी आणि अॅरेची वाटणी : समांतर संगणकासाठी कंपायलर डेटा कसा वाटतो, हे हाताने शिकण्याच्या पायऱ्या

धुळ्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी समांतर संगणन शिकवतो. प्रयोगशाळेतले चार संगणक एका साध्या नेटवर्क स्विचला जोडून विद्यार्थी आपला पहिला प्रोग्रॅम चालवतात, आणि दरवर्षी कुणा ना कुणाचा प्रोग्रॅम चार संगणकांवर एकट्या संगणकापेक्षाही सावकाश चालतो. उत्तर बरोबर आलेले असते, सूत्रही बरोबर असते. बिघडलेली असते ती अॅरेची, म्हणजे क्रमांक लावून ठेवलेल्या आकड्यांच्या यादीची, वाटणी. कोणता घटक कोणत्या प्रोसेसरच्या मेमरीत ठेवायचा, हा निर्णय एकदा झाला की कंपायलरची, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या साधनाची, पुढची जवळजवळ सगळी कामे त्या निर्णयाच्या मागे ओढली जातात. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्यांनी एखादी भाषा किंवा लायब्ररी उघडण्याआधी, कंपायलर जे करतो ते सोळा घटकांच्या छोट्या अॅरेवर वहीत स्वतः करून पाहावे, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. त्यांना वही, पेन्सिल आणि साधारण दोन संध्याकाळी लागतील.

पहिली पायरी : यंत्र डोळ्यांसमोर आणा

इथे आपण वितरित मेमरीच्या संगणकाचा विचार करत आहोत. त्यात प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची मेमरी असते, दुसऱ्याच्या मेमरीतला आकडा त्याला थेट वाचता येत नाही, आणि तो हवा असेल तर नेटवर्कवरून मेसेज पाठवून मागवावा लागतो. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये जो परम ८००० तयार केला, तोही याच जातीचा संगणक होता. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते आणि प्रत्येकाची मेमरी वेगळी होती. आजच्या मोठ्या महासंगणकांतही एका नोडच्या (त्यातल्या एका सुट्या संगणकाच्या) आत मेमरी सामायिक असली, तरी नोड आणि नोड यांच्यामध्ये हीच स्थिती असते.

वहीच्या पानावर चार चौकटी काढा आणि त्यांना ० ते ३ असे क्रमांक द्या. हे आपले चार प्रोसेसर. शेजारी ० ते १५ क्रमांकाचे सोळा घटक एका ओळीत लिहा. घटकांच्या एकूण संख्येला न, प्रोसेसरांच्या संख्येला प आणि घटकाच्या क्रमांकाला क म्हणू. मोजणी शून्यापासून ठेवा, म्हणजे पुढची सूत्रे सुटसुटीत राहतात.

दुसरी पायरी : तीन वाटण्या हाताने करा

सर्वांत साधी वाटणी गठ्ठ्याची, म्हणजे ब्लॉक. न ला प ने भागून वरचा पूर्णांक घ्या. तो गठ्ठ्याचा आकार ग. आपल्या उदाहरणात ग चार येतो आणि ० ते ३ हे घटक प्रोसेसर ० कडे, ४ ते ७ प्रोसेसर १ कडे, असे सलग पट्टे पडतात. घटक क चा मालक काढायचा तर क ला ग ने भागावे. भागाकार हा मालक आणि बाकी ही त्या मालकाच्या मेमरीतली जागा. क जर ११ असेल, तर मालक २ आणि स्थानिक जागा ३.

दुसरी वाटणी फेऱ्याची, म्हणजे सायक्लिक. पत्ते वाटतो तसा एकेक घटक आळीपाळीने देत जायचे. इथे क ला प ने भागायचे, बाकी हा मालक आणि भागाकार ही जागा. तोच ११ क्रमांकाचा घटक आता प्रोसेसर ३ कडे, जागा २ वर जातो.

तिसरीत दोन्ही एकत्र येतात : छोटे गठ्ठे करून ते आळीपाळीने वाटायचे. गठ्ठा दोनचा घेतला तर प्रोसेसर १ कडे २, ३, १० आणि ११ हे घटक येतात. मालक काढताना आधी क ला ग ने भागून जो भागाकार येईल, त्याला प ने भागून बाकी घ्यावी. जागा काढताना क ला ग आणि प यांच्या गुणाकाराने भागावे, त्या भागाकाराला ग ने गुणावे आणि क ला ग ने भागल्यावर उरणारी बाकी त्यात मिळवावी. ११ साठी भागाकार १, त्याची दुप्पट २, बाकी १, म्हणून जागा ३. वर लिहिलेल्या यादीशी ताडून पाहा, बरोबर येते. ही तीन सूत्रे पाठ करण्यापेक्षा सोळाही घटकांसाठी तीन कोष्टके भरा, कारण कंपायलर लूपमधला, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सूचनांमधला, प्रत्येक मूळ क्रमांक अशाच रीतीने स्थानिक क्रमांकात बदलतो आणि कोष्टक भरलेल्या हाताला ती क्रिया पुन्हा परकी वाटत नाही.

इथेच एक सावधगिरी. घटक नऊ आणि प्रोसेसर चार असतील, तर ब्लॉक वाटणीत ग तीन येतो, पहिल्या तिघांतच नऊ घटक संपतात आणि प्रोसेसर ३ च्या वाट्याला काहीच येत नाही. रिकाम्या हाताचा प्रोसेसर गृहीत न धरल्यामुळे प्रोग्रॅम कोसळलेले मी अनेकदा पाहिले आहेत. म्हणून कोणताही प्रोग्रॅम न ला प ने पूर्ण भाग जात नाही अशा आकड्यांवर आधी चालवावा.

आता कोणती वाटणी केव्हा, हा प्रश्न. तो समजावताना मला पांझरेच्या काठाकडे वळावे लागते. आपल्या खान्देशात पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांखाली पूर्वापार चालत आलेली फड पद्धत आहे. बंधाऱ्याने अडवलेले पाणी पाटाने शेतात येते, भिजणारे क्षेत्र काही फडांत विभागलेले असते, एका फडात एकच पीक घेतात, आणि महत्त्वाची गोष्ट अशी की बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर कुणा एकाचे सगळे शेत बुडत नाही. झळ सगळ्यांना सारखी बसते आणि उरलेल्या पाण्यातही सगळ्यांचा वाटा राहतो.

समीकरणांचा मोठा संच सोडवताना नेमके हेच घडते. चलांचा एकेक स्तंभ निकाली निघत जातो आणि काम शिल्लक असलेले क्षेत्र डावीकडून उजवीकडे आकसत जाते. सोळा स्तंभ ब्लॉक पद्धतीने वाटले असतील, तर चार स्तंभ संपताच प्रोसेसर ० कडे काही काम उरत नाही, आठ संपले की दोघे रिकामे बसतात, आणि शेवटचे चार स्तंभ एकटा प्रोसेसर ३ ओढत राहतो. फेऱ्याने वाटले असतील, तर बारा स्तंभ संपल्यावरही उरलेल्या चारांपैकी एकेक स्तंभ प्रत्येकाकडे असतो. साक्री तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने फळ्यावरचे हे चित्र पाहून एकदम म्हटले होते, "सर, हाई ते आमना फडनं गणित शे!" (हे तर आमच्या फडाचे गणित आहे!) त्या दिवसापासून मी हा भाग फडाशिवाय शिकवलेला नाही. स्केलापॅक ही रेषीय बीजगणिताची प्रसिद्ध लायब्ररी मॅट्रिक्स दोन्ही दिशांना गठ्ठ्या-फेऱ्याने वाटते, त्यामागचे एक मोठे कारण हेच. गठ्ठा ठेवण्याचे कारण असे की एकेका स्तंभाऐवजी स्तंभांच्या जुडीवर काम केले, तर प्रोसेसरच्या कॅश मेमरीचा (त्याच्या जवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचा) उपयोग चांगला होतो आणि मेसेजही कमी लागतात.

तिसरी पायरी : ज्याच्या नावावर घटक, त्याच्याकडे हिशेब

वाटणी झाली की काम कुणी करायचे, हे ठरवण्यासाठी बहुतेक कंपायलर एकच नियम वापरतात. इंग्रजीत त्याला ओनर कंप्यूट्स म्हणतात : बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे जो घटक आहे, त्याचा मालक ते गणित करील. सातबारा उताऱ्यावर ज्याचे नाव, त्यानेच ते शेत कसायचे, असा हा सरळ नियम आहे.

वहीत हे उदाहरण घ्या. एका लांब सळईवर सोळा बिंदू आहेत, दोन्ही टोकांचे तापमान स्थिर आहे, आणि १ ते १४ या प्रत्येक क साठी नवे[क] म्हणजे जुने[क−१] आणि जुने[क+१] यांची सरासरी. दोन्ही अॅरे ब्लॉक पद्धतीने वाटलेले आहेत. अगदी भाबडा कंपायलर प्रत्येक प्रोसेसरकडून क च्या चौदाही फेऱ्या करून घेईल आणि प्रत्येक फेरीत "हा घटक माझा आहे का?" असे विचारायला लावील. उत्तर बरोबर येईल, पण वेळ त्या प्रश्नातच जाईल. चांगला कंपायलर तो प्रश्न लूपच्या बाहेर काढतो आणि लूपच्या मर्यादाच आखडून घेतो. प्रोसेसर म साठी सुरुवात म्हणजे १ आणि ग×म यांतील मोठा आकडा. शेवट म्हणजे १४ आणि ग×म+ग−१ यांतील लहान आकडा. त्यानुसार प्रोसेसर ० ला १ ते ३, प्रोसेसर १ ला ४ ते ७, प्रोसेसर २ ला ८ ते ११ आणि प्रोसेसर ३ ला १२ ते १४ मिळतात. आता हेच चार पट्टे स्थानिक क्रमांकात लिहा : पहिल्याला १ ते ३, मधल्या दोघांना ० ते ३, शेवटच्याला ० ते २. एवढे झाले की कंपायलरचे निम्मे काम तुमच्या हातून झाले.

चौथी पायरी : काय मागवावे लागेल ते मोजा

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगतो. प्रत्येक प्रोसेसरसाठी, उजव्या बाजूला लागणाऱ्या घटकांची यादी करा आणि त्यातून त्याच्या स्वतःच्या मेमरीतले घटक खोडून टाका. उरतील ते बाहेरून येणारे. ब्लॉक वाटणीत प्रोसेसर ० ला फक्त ४, प्रोसेसर १ ला ३ आणि ८, प्रोसेसर २ ला ७ आणि १२, प्रोसेसर ३ ला फक्त ११ लागतो, एकूण सहा. आता तेच गणित फेऱ्याच्या वाटणीत करा. प्रोसेसर १ कडे १, ५, ९, १३ आहेत, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे शेजारी, म्हणजे ०, २, ४, ६, ८, १०, १२, १४, सगळेच परके आहेत. चौदा घटकांचे प्रत्येकी दोन, असे एकूण अठ्ठावीस आकडे नेटवर्कवरून हलतात. समीकरणे सोडवताना जी वाटणी सरस ठरली, ती इथे घातक ठरते. मी लेखाच्या आरंभी ज्या सावकाश प्रोग्रॅमांचा उल्लेख केला, त्यांतले बहुतेक याच ठिकाणी फसलेले असतात. विद्यार्थी असताना माझा स्वतःचा पहिला प्रोग्रॅमही इथेच फसला होता आणि कारण सापडायला मला आठवडा लागला होता.

आता मेसेजची किंमत. मेसेज लहान असो वा मोठा, तो निघण्याचा एक ठरावीक खर्च असतो आणि त्यावर आकड्यांच्या संख्येप्रमाणे वाढणारा खर्च असतो. समजा निघण्याचा खर्च ५० मायक्रोसेकंद आहे आणि नेटवर्क सेकंदाला १ गिगाबिट वाहून नेते. ८ बाइटचा एक आकडा जायला त्यावर फक्त ०.०६४ मायक्रोसेकंद लागतो. हजार आकडे एकेक करून पाठवले, तर सुमारे ५०,०६४ मायक्रोसेकंद. एकाच मेसेजमध्ये बांधून पाठवले, तर ५० अधिक ६४, म्हणजे ११४ मायक्रोसेकंद. फरक सुमारे ४४० पटींचा आहे. रावेरहून केळी पाठवताना एकेका घडासाठी वेगळा ट्रक कुणी लावत नाही, पण लूपच्या आत मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम तेच करत असतो.

म्हणून कंपायलर मेसेज लूपच्या आतून उचलून शक्य तितका बाहेर नेतो आणि सगळे आकडे एका मेसेजमध्ये बांधतो. याला मेसेज व्हेक्टरायझेशन म्हणतात. आलेले आकडे ठेवण्यासाठी तो प्रत्येकाच्या पट्ट्याला दोन्ही कडांना एकेक जादा जागा जोडतो. शेताच्या बांधापलीकडचे थोडे रान आपल्या नकाशावर काढून ठेवावे तशी. या जागांना घोस्ट किंवा हॅलो म्हणतात. त्या जोडल्या की आतला लूप पूर्णपणे स्थानिक होतो आणि एका संगणकावरच्या लूपसारखाच दिसतो.

पण मेसेज बाहेर नेण्याचा अधिकार कंपायलरला दर वेळी नसतो. वरच्या उदाहरणात आपण जुने वाचतो आणि नवे लिहितो, म्हणून लूप सुरू होण्याआधीच सगळे आकडे तयार असतात. तोच लूप एकाच अॅरेवर लिहिला, म्हणजे अ[क] काढताना आधीच्या फेरीत नुकताच बदललेला अ[क−१] लागत असेल, तर प्रोसेसर १ ला प्रोसेसर ० चे काम संपेपर्यंत थांबावेच लागेल. हे परावलंबन ओळखणे हा कंपायलरच्या विश्लेषणाचा गाभा आहे. द्विमितीय अॅरेमध्ये मात्र यातूनही वाट निघते : प्रोसेसर ० ने काही ओळींचा एक तुकडा संपवून त्याची कड लगेच पुढे पाठवायची आणि पुढच्या तुकड्याला लागायचे, म्हणजे वरच्या चारीचे भरणे पूर्ण होण्याची वाट न पाहता पाणी खालच्या चारीत सुरू होते. तुकडा फार लहान घेतला तर मेसेजचा खर्च वाढतो, फार मोठा घेतला तर खालचे ताटकळतात. योग्य आकार मोजूनच ठरवावा लागतो.

पाचवी पायरी : अॅरे एकमेकांशी जुळवा

अ[क] ची किंमत ब[क+१] वरून काढायची असेल आणि दोन्ही अॅरे सारखेच वाटलेले असतील, तर प्रत्येक पट्ट्याच्या कडेला एक मेसेज लागतो. ब एका घराने सरकवून ठेवला, तर एकही लागत नाही. याला अलाइनमेंट म्हणतात, आणि ती वाटणीच्या आधी करायची असते : आधी कोणते घटक शेजारी राहतील ते ठरवायचे, मग तो सगळा संच प्रोसेसरांवर पसरायचा.

सहावी पायरी : दोन मिती

१०२४ × १०२४ चे जाळे सोळा प्रोसेसरांवर वाटायचे आहे आणि प्रत्येक बिंदूला चारही बाजूंचे शेजारी लागतात, असे समजा. उभे पट्टे पाडले, तर मधला प्रोसेसर दोन कडांचे मिळून २०४८ आकडे मागवतो. ४ × ४ अशा चौकोनांत वाटले, तर प्रत्येक चौकोन २५६ × २५६ चा होतो आणि चार कडांचे मिळून १०२४ आकडे लागतात. आकडे निम्मे झाले, पण मेसेज दोनाचे चार झाले. शिवाय फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेत स्तंभ मेमरीत सलग असतो आणि ओळ विखुरलेली, म्हणून ओळीची कड पाठवण्याआधी ती गोळा करावी लागते. प्रोसेसर थोडे आणि नेटवर्क संथ असेल, तर मी पट्टेच निवडतो. प्रोसेसर वाढू लागले की चौकोनांकडे जावे.

काही पद्धतींत आधी सगळ्या ओळींवर आणि मग सगळ्या स्तंभांवर काम चालते, आणि एकीला सोयीची वाटणी दुसरीला गैरसोयीची ठरते. तेव्हा मध्येच फेरवाटणी करता येते, पण तिची किंमत वहीत मांडून पाहा : हेच जाळे चार प्रोसेसरांवर असेल, तर प्रत्येकाला स्वतःकडच्या २,६२,१४४ आकड्यांपैकी तीन चतुर्थांश, म्हणजे १,९६,६०८ आकडे इतरांना द्यावे लागतात. एवढे हलवूनही फायदा होतो की आधी सांगितलेली तुकड्या-तुकड्यांची रीत स्वस्त पडते, हे आकडे मांडल्यावरच कळते.

सातवी पायरी : क्रमांक आधी माहीत नसतील तर

तापीला मिळणाऱ्या नद्यांचे जाळे डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा आणि उत्तरेकडून अनेर, अरुणावती, गोमाई अशा नद्या येतात. प्रत्येक नदीचे लहान टप्पे करून पुराचे पाणी पुढे कसे सरकते, याचे गणित मांडले, तर "या टप्प्याच्या पुढचा टप्पा कोणता" हे एका वेगळ्या अॅरेत लिहिलेले असते आणि तो फाइलमधून वाचला जातो. प्रोग्रॅमचे भाषांतर होताना कंपायलरला ते आकडे दिसतच नाहीत, त्यामुळे काय मागवायचे याची यादी तो करू शकत नाही.

यावरची रीत अशी की कंपायलर एका लूपचे दोन भाग करतो. पहिला भाग, इन्स्पेक्टर, प्रोग्रॅम चालू असताना क्रमांकांचा अॅरे वाचून जातो, कोणते घटक परके आहेत ते टिपतो, दुबार नोंदी काढून टाकतो आणि कुणाकडून काय मागवायचे याचे वेळापत्रक बांधतो. दुसरा भाग, एक्झिक्युटर, त्या वेळापत्रकाप्रमाणे डेटा आणून प्रत्यक्ष गणित करतो. नद्यांचे जाळे दर फेरीत बदलत नाही, म्हणून एकदा केलेले वेळापत्रक हजारो फेऱ्यांना पुरते आणि पहिल्या भागाचा खर्च भरून निघतो. जोएल सॉल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्टी व केऑस या लायब्ररींतून ही रीत रुजवली.

आठवी पायरी : आता साधनांकडे वळा

एवढे हाताने झाले की भाषा सोप्या वाटतात. राइस विद्यापीठात केन केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली फोर्ट्रान डी आणि व्हिएन्ना विद्यापीठातली व्हिएन्ना फोर्ट्रान या भाषांच्या अनुभवावर हाय परफॉर्मन्स फोर्ट्रान उभी राहिली. तिचे पहिले विनिर्देश १९९३ मध्ये आणि दुसरी आवृत्ती १९९७ मध्ये आली. तिच्यातल्या अलाइन आणि डिस्ट्रिब्यूट या सूचना टिप्पणीच्या रूपात लिहिल्या जात, त्यामुळे साधा कंपायलर त्या ओलांडून जाई आणि तोच प्रोग्रॅम एका संगणकावरही चाले. ही कल्पना मला आजही सुंदर वाटते. २००२ मध्ये जपानच्या अर्थ सिम्युलेटरवर या भाषेत लिहिलेल्या त्रिमितीय द्रव-प्रवाहाच्या प्रोग्रॅमने १४.९ टेराफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला १४.९ लाख कोटी आकडेमोडींचा, वेग गाठला होता. तरीही ती सर्वदूर पसरली नाही. कंपायलर पक्व व्हायला वेळ लागला, मेसेज कुठे निघतो हे प्रोग्रॅम वाचून दिसत नसे, विखुरलेल्या क्रमांकांसाठीची सोय अपुरी होती, आणि १९९४ मध्ये एमपीआय हे प्रोसेसरांमधल्या मेसेजच्या देवाणघेवाणीचे मानक आल्यावर लोकांनी मेसेज स्वतः लिहिणे पत्करले.

वाटणी कंपायलरनेच आपोआप का निवडू नये, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. सर्वोत्तम वाटणी आणि जुळवणी शोधण्याचे प्रश्न त्यांच्या सर्वसाधारण रूपात एनपी-पूर्ण वर्गात मोडतात, म्हणजे ते झटपट आणि हमखास सोडवणारी रीत कुणाला माहीत नाही, म्हणून कंपायलर अंदाजाच्या रीती वापरतात आणि त्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये चुकू शकतात. वाटणीचा निर्णय माणसाने घ्यावा आणि हिशेब कंपायलरने करावा, ही विभागणी मला अजूनही शहाणपणाची वाटते.

आज सुरुवात करायची असेल, तर चॅपल ही मुक्त-स्रोत भाषा घ्या. तिच्यात ब्लॉक आणि सायक्लिक या दोन्ही वाटण्या तयार मिळतात आणि एका ओळीत एकीच्या जागी दुसरी घालून पाहता येते. सळईचा प्रोग्रॅम आधी तिच्यात लिहा आणि दोन्ही वाटण्यांनी चालवा. नंतर तोच एमपीआयमध्ये हाताने लिहा : लूपच्या मर्यादा तिसऱ्या पायरीच्या, घोस्ट जागा चौथ्या पायरीच्या. न साठी प्रथम १६ आणि ९ हे आकडे घ्या, प्रत्येक प्रोसेसरला त्याचा आरंभ, शेवट आणि मागवलेले क्रमांक छापायला लावा, आणि छापून आलेली यादी वहीतल्या यादीशी ओळीने ताडा. दोन्ही जुळल्या की मगच न वाढवून वेळ मोजायला घ्या.